पाणी होते, भाकरी नव्हती

शनिवार, रात्री

आज सकाळच्या शाळेत नववी ‘ब’च्या इतिहासाच्या वह्या परत द्यायच्या होत्या, त्या मी दिल्या नाहीत. त्यांतल्या एका वहीतले वाक्य मी परवा लाल शाईने खोडले आणि ते खोडायला नको होते, हे मला काल रात्री कळले.

नववीच्या इतिहासात आरंभीच साधनांचा पाठ आहे. लिखित, भौतिक, मौखिक आणि दृक्-श्राव्य अशी चार नावे फळ्यावर लिहून उदाहरणे सांगितली की तो एका तासिकेत संपतो, आणि अनेक वर्षे मी तो तसाच संपवत आले. यंदा मात्र मौखिक साधन घरूनच आणायला सांगितले. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. महाबळेश्वर आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे, असे भूगोलाच्या तासाला म्हटले की मुले हसतात. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाविषयी पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणायची, एवढेच काम होते.

एका मुलीने लिहिले होते, “आजी म्हणली, बहात्तरला पाणी हुतं, भाकरी नव्हती.” मी त्यावर रेघ मारून शेजारी लिहिले, ‘दुष्काळात पाणी नसते. पुन्हा विचार.’ हे लिहिताना मला तिळमात्र शंका आली नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोरचा दुष्काळ २०१२-१३ चा होता: टँकरमागे धावणाऱ्या घागरी, चारा छावण्या, कोरडे पडलेले बोअर. तो मी चाळीस वर्षे मागे नेऊन त्या आजींच्या दारात उभा केला होता. साधन तपासण्याचा पाठ शिकवणाऱ्या बाईने साधन न तपासताच बाद केले.

पुढच्या वह्या तपासताना तेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत अकरा वेळा आले. रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात आणि मुकादमाच्या शिव्या यांची वर्णने पानेच्या पाने होती; पाण्याचा उल्लेख मात्र पुसट. विचार केल्यावर कारण उमगले. लागोपाठच्या वर्षांत पावसाने दगा दिल्याने पिके गेली होती आणि घरात दाणा नव्हता, पण जमिनीखालचे पाणी तेव्हा आजच्याइतके उपसले गेले नव्हते. बोअर जवळजवळ नव्हतेच. दोन हजार तेराला दुकानात गहू-तांदूळ होता आणि विहिरीत गाळ. अर्थात एका आजोबांनी तीन मैलांवरून पाणी आणल्याचेही सांगितले आहे, म्हणजे ती आजी सगळ्या तालुक्याच्या वतीने बोलत नव्हती. ती आपल्या वस्तीचे सांगत होती.

आज वर्गात मी आधी माझी चूक सांगितली. मुलांना त्याचा झालेला आनंद लपत नव्हता. मग मजुरीचा प्रश्न घेतला, कारण एकाच कामावर गेलेल्या तिघींनी रोजाचे तीन वेगळे आकडे सांगितले होते. “मग खरं कोण, मॅडम?” असे एकाने विचारले. मी उत्तर न देता खरेखोटे कशावरून ठरवाल, एवढेच विचारले. बराच वेळ शांतता होती. नंतर कुणी हजेरीपत्रक म्हणाले, कुणी आकडे वेगवेगळ्या महिन्यांतले असतील म्हणाले, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, की ज्या पाझर तलावात आम्ही पोहतो त्याची भिंत आज्जीनेच घातली आहे. भौतिक साधनाची व्याख्या मी इतकी वर्षे शिकवते, पण तिला पोहण्याचा तलाव कधी जोडला नव्हता.

नागरिकशास्त्राचा धागा ओढायचा म्हणून मी माझी पगाराची पावती फळ्याशेजारी लावली. त्यात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० कापले जातात. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि खुद्द योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला, असे मी सांगितले. म्हणजे आजीची मजुरी तुमच्या पगारातून का, असे एकीने विचारले. मी कौतुकाने हो म्हणणार, एवढ्यात दुसरी म्हणाली, “आजी तर बहात्तरला कामावर होती, कर पंच्याहत्तरचा.” ती दुष्काळी कामे होती आणि या कराचा पैसा नंतरच्या कामांचा, हे मग मला सावरून सांगावे लागले. घंटा झाली तेव्हा आम्ही टाचणातल्या नियोजनाच्या दीड तासिका मागे होतो. हे सगळे परीक्षेत किती गुणांना येते, असे शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्यांनी विचारले. एका गुणाला, असे मी खरे ते सांगितले.

आता ती वही समोर आहे. लाल रेघ पुसता येत नाही, म्हणून तिच्याखाली निळ्या शाईने लिहिले आहे: ‘आजींचे बरोबर असू शकते. त्यांना विचारून ये, की तेव्हा वस्तीवरची विहीर किती परस खोल होती, आणि आज किती आहे?’