‘प्लीहा लागत नाही’

ओपीडी सुरू व्हायच्या आतच फोन आला. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या १६ महिन्यांच्या मुलाची आई. “डॉक्टर, पाणथरी खाली आलीय. काल दोन बोटं होती, आज पाच भरतायत.” पाणथरी म्हणजे प्लीहा. ताप नाही, रडारड नाही, मूल नुसतं मलूल पडून होतं. म्हटलं, “काही आवरत बसू नका, थेट इमर्जन्सीला या.”

मी पोचेपर्यंत रेसिडेंटने केसपेपर लिहूनही ठेवला होता. सर्दी, दूध कमी पितो, प्लीहा (हाताला) लागत नाही. आई खांद्यावरची पिशवी न उतरवता पलंगाला चिकटून उभी होती. “मी सांगतेय त्यांना, पण ते नाही म्हणतात.”

रेसिडेंटने डाव्या बरगडीखाली बोटं दाबून बघितलं होतं. गडबड तिथेच होते. प्लीहा फार वाढली की बोटं थेट तिच्यावरच पडतात आणि कड कधी सापडतच नाही. सुरुवात खालून, उजव्या बाजूने करायची आणि श्वासागणिक कड बोटांवर येईपर्यंत थांबायचं. मी त्याचा हात धरून बेंबीच्या खाली ठेवला. जरा वर सरकताच त्याचा चेहरा बदलला. बाळाचे तळवे पांढरेफटक, नाडी १८०.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी कडक होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि प्लीहेच्या अरुंद वाटांत अडकतात. कधी कधी वाट एकदम तुंबते. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. काही तासांत मूल जातं, आणि तेही शरीराबाहेर रक्ताचा थेंब न सांडता. पुढे वारंवार इजा होऊन प्लीहा आक्रसते, म्हणून हा धोका मुख्यतः पहिल्या पाच वर्षांतला.

हिमोग्लोबिन आलं ३.२. या मुलाचं एरवीचं ७.८. प्लेटलेट्स उतरलेल्या, रेटिक्युलोसाइट्स, म्हणजे नव्या तांबड्या पेशी, मात्र भरपूर. म्हणजे त्या बनवणारी अस्थिमज्जा कामावर होती. पार्व्होव्हायरस या विषाणूने हा कारखानाच बंद पाडला असता तर हा आकडा तळाला गेला असता.

रेसिडेंटने किलोला १५ मिलिलिटर रक्ताचा हिशेब मांडला. मी म्हटलं, “पाच.”

“मॅडम, ३.२ आहे!”

“म्हणूनच. आत अडकलेलं रक्त उद्या परत येणार. आज भरभरून दिलंस तर उद्या रक्त घट्ट होईल आणि मेंदूची नस अडेल.”

वजन ९ किलो, म्हणजे ४५ मिलिलिटर. ते सावकाश दिलं आणि दर तासाला पोटावर प्लीहेची कड पेनाने आखत बसलो. सिकलसेलच्या डॉक्टरकीतला बराचसा भाग असाच असतो: कमी द्यायचं आणि जवळ बसायचं. थरार शोधणाऱ्यांनी दुसरी शाखा बघावी. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लीहा दोन बोटांवर आणि हिमोग्लोबिन ७.१. आम्ही दिलेल्या रक्ताने ते पाचापर्यंतही पोचलं नसतं. बाकीचं प्लीहेनेच परत केलं होतं.

आयांना प्लीहा तपासायला शिकवणं ही काही माझी युक्ती नाही. जमैकात ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने जन्मतःच निदान झालेल्या मुलांच्या पालकांना हे शिकवलं आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापले: अशा झटक्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास एक-दशांशावर आलं होतं. औषध नवं नव्हतं, मुलं वेळेत पोचत होती एवढंच. तरी अजूनही ‘आई म्हणते’ हे शब्द केसपेपरवर अवतरणात पडतात आणि डॉक्टरचं निरीक्षण मात्र अवतरणाशिवाय. मला याचा राग येतो. रोज तेच पोट चाचपणारा हात आणि आयुष्यात एकदाच लागलेला हात यांत कोणाचं ऐकायचं, यात वाद कसला?

घरी सोडताना आईने विचारलं, “पुन्हा होईल?”

“होऊ शकतं. जवळपास निम्म्या मुलांना होतं, बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत. परत झालं तर प्लीहा काढायचं बोलू. तोवर पेनिसिलिन चुकवायचं नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दिवसा तो आजीपाशी असतो. त्यांना आणते, शिकवाल?”

“आणा. आणि हा रेसिडेंटही असेल त्या वेळी.”