नेरुळहून डान्सचे शो गाठायचे तर... माझा अनुभव

नाटकाचं बरं असतं. पेपर उघडला की जाहिरातींचं पान, भावे, गडकरी, घाणेकर, वार आणि वेळ, विषय संपला. नृत्याच्या कार्यक्रमांचं तसं काही नाही. अमक्याचं कथ्थक होतं हे मला कळायचं ते कार्यक्रम होऊन गेल्यावर, कुणाच्या तरी स्टेटसवर धूसर फोटो बघून. म्हणून गेल्या हिवाळ्यात ठरवलं की यंदा सीझन सोडायचा नाही. सीझन म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते एप्रिल, कारण 29 एप्रिलला जागतिक नृत्य दिन असतो आणि त्याच्या आगेमागे बरंच काही ठेवतात.

तर आधी माहिती कुठून काढायची. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) महिन्याचं कॅलेंडर येतं, तिथे मेंबर लोकांना बुकिंग आधी खुलं होतं आणि आपल्याला नंतर, त्यामुळे खुलं व्हायच्या दिवशी अलार्म लावायचा. बीकेसीला 2023 मध्ये सुरू झालेलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर आहे, त्याचं मोठं थिएटर 2000 सीटचं, पण तिथले भाव बघून आधी घरात चर्चा करावी लागते. काळा घोडा फेस्टिव्हल जानेवारी संपता संपता किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, 9 दिवस, आणि फुकट. फुकट म्हणजे काय तर गर्दी, तासभर आधी जाऊन उभं राहायची तयारी हवी.

पण खरी बातमी असते ती क्लासवाल्यांकडे. आमच्या लेकीच्या भरतनाट्यमच्या टीचरनी मला पालकांच्या ग्रुपवरून उचलून त्यांच्या दुसऱ्या एका ग्रुपमध्ये टाकलं, आणि तिथे जे काय येतं ते कुठल्याच अ‍ॅपवर दिसत नाही. नेरुळ-वाशीत दक्षिणेकडची मंडळी भरपूर, त्यामुळे अरंगेत्रमची, म्हणजे शिकलेल्या मुलीच्या पहिल्या पूर्ण एकल कार्यक्रमाची, निमंत्रणं सतत चालू. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं, टीचरनी फॉरवर्ड केलंय म्हणजे आलात तर आनंदच. मी सांगेन की नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी, कारण मृदंग, गाणं सगळं लाइव्ह, आणि अलारिपु, जतिस्वरम अशा छोट्या रचना करत करत वर्णम ही मुख्य रचना येते जी अर्धा-पाऊण तास चालते, त्यात नुसता नाच पण आणि अभिनय पण. ती एकदा नीट बसून बघितली की पुढे कुठल्याही मोठ्या कलाकाराचं बघताना आपण कुठे आहोत ते समजतं. स्टेजच्या कडेला नट्टुवनार, म्हणजे ताल धरणारे, बसलेले असतात, हातात झांजा, तोंडाने बोल. मी हल्ली निम्मा वेळ त्यांच्याकडेच बघत असते, कारण नाचणारी मुलगी जरा घाई करायला लागली की ते मान न हलवता फक्त भुवई उचलतात आणि ती लगेच लयीत येते.

आता सीट. अ‍ॅपवर नकाशा उघडला की आपलं बोट आपोआप पहिल्या रांगांकडे जातं, नाटकाची सवय. डान्सला हे चालत नाही हो. एकटीचा अभिनय असेल तर पुढे बसा, डोळे दिसले पाहिजेत. कथ्थक असेल तर चौथी-पाचवी रांग, अगदी पुढे बसलं की स्टेज उंच असतं आणि तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, ऐकू येतो पण पाय नीट दिसत नाहीत. आणि ग्रुप असेल, खासकरून कंटेम्पररी म्हणजे आधुनिक नृत्य, तर सरळ बाल्कनी. कथ्थक गुरू कुमुदिनी लाखिया यांनी कथ्थक समूहात आणून जे केलं, त्या परंपरेतलं काही असेल तरी बाल्कनीच, कारण तिथे रांगा कशा मोडतात आणि जुळतात हीच तर मजा आहे, ती वरूनच कळते. वर पैसेही कमी.

हे सगळं मी माझ्या मावशीला ऐकवलं होतं. ती ठाण्याला असते, लहानपणी गंधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत कथ्थक केलेलं, त्यामुळे मतं पक्की. आम्ही एका छोट्या सपाट हॉलमध्ये कंटेम्पररी बघायला गेलो, सीटला नंबर नाहीत, जो आधी येईल तो. लोकल लेट, म्हणून मागची जागा. त्या पीसमध्ये बराच वेळ सगळे जमिनीवर झोपूनच, मला समोरच्या काकांचं टक्कल आणि मधूनच वर येणारा एखादा हात. मावशी कानात म्हणाली, "इंटरव्हल झालं का गं?" मग बाहेर चहा घेताना तिचे प्रश्न, घुंगरू नाहीत, गाणं नाही, हे नृत्य कसलं. मी म्हटलं अगं मावशी, कंटेम्पररीवाले अस्ताद देबू कथ्थक आणि कथकली दोन्ही शिकलेले होते, ते येत नव्हतं म्हणून वेगळं करत होते असं नाही. ती म्हणाली ते देबू होते, हे कोण? बरोबरच आहे म्हणा.

पण दुसऱ्या भागात पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि आम्ही सरकलो. संगीत बंद, फक्त दोघांचे श्वास आणि टाचा आपटल्याचा आवाज, काळ्या फ्लोअरवर घामाचे थेंब दिसत होते. मावशी एकदम गप्प. मधे एक मुलगा येऊन फडक्याने फ्लोअर पुसून गेला तेव्हाही टाळ्या पडल्या. नंतर ती एवढंच म्हणाली, "लय सोडली नाही हां पोरांनी."

राहता राहिला प्रवास. रविवारचा शो असेल तर मेगाब्लॉक आधी बघा, हार्बरचा भरवसा नाही. सीएसएमटीला उतरून आता मेट्रो 3 ने विधान भवन स्टेशन गाठता येतं, तिथून एनसीपीए जवळ. येताना मात्र मेट्रो मिळेलच असं धरू नका, शो लांबला तर टॅक्सीने सीएसएमटी. आणि उशिरा पोचलात तर पीस संपेपर्यंत दारात उभं ठेवतात, तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो.

पुढच्या महिन्यात ग्रुपमधल्या पाच-सहा जणी मिळून जायचं चाललंय. मी बाल्कनीची तिकिटं काढणारे. ज्यांना पुढचीच रांग हवी त्यांनी आपापली काढा, मला नंतर पाय दिसले नाहीत म्हणून सांगू नका.