५०२ चे ५४० : सुपरचार्जर न बसवण्याच्या निर्णयाची नोंद

इंजिन बोटीतून उतरवून स्टँडवर चढवल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. त्यानंतर पुढचा रस्ता कोणता, सुपरचार्जरचा (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) की नॅचरली ॲस्पिरेटेड (हवा स्वतःच ओढून घेणाऱ्या) इंजिनाचा, हे ठरवण्यात बराच काळ गेला. निर्णय आता झाला आहे. त्यामागचा हिशेब मात्र निर्णयापेक्षा अधिक उपयोगी ठरेल असे वाटते, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. बोट २६ फुटी डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) आहे, तिचा डेडराइज, म्हणजे तळाच्या उताराचा कोन, २४ अंशांचा आहे आणि इंधन व माणसे धरून वजन सुमारे ५,५०० पौंड भरते. तिच्यात मर्क्रूझरचे ५०२ मॅग एमपीआय हे ८.२ लिटरचे, म्हणजे ५०२ घनइंचांचे, इंजिन होते, ज्याची नोंदलेली ताकद प्रॉपेलर-शाफ्टवर ४१५ अश्वशक्ती आहे. ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रॉपेलरपर्यंत नेणारा गिअरचा भाग) ब्राव्हो वन, गिअर गुणोत्तर १.५, प्रॉपेलर २३ इंची पिचचा (पिच म्हणजे अजिबात न घसरता एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल ते अंतर). शांत पाण्यावर जीपीएसने ४,८०० आरपीएमला ताशी ६२ मैल दाखवले आहेत. बोट मिसुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर चालते. ओसेज नदीवर बॅग्नेल धरण १९३१ मध्ये पूर्ण झाल्यावर तयार झालेला हा जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण ६६० फुटांवर आहे. दोन सिलिंडरांचे कंप्रेशन इतरांच्या तुलनेत खाली आल्यामुळे ब्लॉक मशीन-शॉपमध्ये जाणार हे नक्कीच होते. प्रश्न इतकाच होता की परत येताना तो काय होऊन यावा.

पहिला पर्याय असा की आहे तेच ५०२ पुन्हा बांधायचे आणि त्यावर पाच-सहा पीएसआय बूस्ट (हवेचा जादा दाब) देणारा ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन मळसूत्री रोटरांचा, सुपरचार्जर व दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर बसवून ६०० अश्वशक्तीपर्यंत जायचे. दुसरा असा की ब्लॉकचे बोअर (सिलिंडरांचा व्यास) ०.०३० इंचाने वाढवून ४.४९६ इंचांचे करायचे, चार इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक काढून सव्वाचार इंचांचा बसवायचा आणि त्यातून ५४० घनइंच मिळवायचे. बाजारात या दोन वाटा अनेक वर्षे शेजारी-शेजारी उभ्या होत्या. मर्क्युरी रेसिंगने याच ८.२ लिटरच्या ब्लॉकवरून ५२५ अश्वशक्तीचे नॅचरली ॲस्पिरेटेड ५२५ईएफआय काढले आणि सुपरचार्जर लावलेले ६००एससीआयही काढले. त्यामुळे तुलनेसाठी ५२५ आणि ६०० हेच दोन आकडे धरले.

या ७५ अश्वशक्तींमधून पाण्यावर नेमके काय पदरात पडते, ते आधी पाहिले पाहिजे. प्लेनिंग करणाऱ्या, म्हणजे वेगात पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून धावणाऱ्या, हलसाठी (बोटीच्या तळासाठी) क्राउचचे जुने सूत्र आजही पुरेसे विश्वासार्ह आहे : वेग हा ताकद भागिले वजन या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. माझ्या बोटीचा स्थिरांक मोजलेल्या ६२ मैलांवरून काढला, तर ५२५ अश्वशक्तीला ताशी ७० मैलांच्या जवळ आणि ६०० ला ७४ ते ७५ मैल येतात, म्हणजे फरक जेमतेम पाच मैलांचा. सुपरचार्जर, इंटरकूलर आणि त्यांच्या नळ्यांचे वाढीव वजन यात धरलेले नाही, आणि ते नेमके बोटीच्या मागच्या टोकाला येते. शनिवार-रविवारी मोठ्या क्रूझर्स या तलावाचे पाणी असे घुसळून काढतात की ताशी ५० मैलांच्या वर हल सलग पाण्यावर टिकत नाही. ते पाच मैल वापरायला मिळणार तर आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी पहाटे. अर्थात ज्यांना ऑगस्टमधल्या शूटआउट या इथल्या वेगाच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांना हे पाच मैलच सर्व काही असतात, आणि त्यांच्याशी माझा वाद नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि तिच्याकडे मोटारींच्या जगातून आलेले लोक हमखास दुर्लक्ष करतात. महामार्गावर ठरावीक वेगाने जाणारी मोटार आपल्या इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरते आणि बूस्ट काही सेकंदांपुरताच लागतो. बोटीला उतार नसतो. ती सतत चढावर असल्यासारखी चालते, आणि वेग राखायचा असेल तर थ्रॉटल उघडाच ठेवावा लागतो. पाच पीएसआय बूस्ट म्हणजे दाबाचे गुणोत्तर सुमारे १.३४. जुलैमधली ३२ अंशांची हवा सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या ट्विन-स्क्रूमधून इतकी दाबली, की बाहेर पडताना ती ७० अंशांच्या आसपास असते. जुन्या पद्धतीच्या रूट्स ब्लोअरमधून (ब्लोअर म्हणजे सुपरचार्जरच) ती याहूनही तापून निघते. येथे बोटीला एक मोठा फायदा आहे हे मान्य केले पाहिजे, कारण इंटरकूलरला गार करण्यासाठी अख्खा तलाव उपलब्ध असतो. पण जुलैअखेर त्या तलावाचेच पाणी ३० अंशांच्या घरात असते, आणि त्यातला गाळ इंटरकूलरच्या बारीक नळ्यांत बसला की सेवन-हवेचे तापमान हळूहळू चढू लागते. ते वेळीच लक्षात आले नाही, तर पुढची पायरी डिटोनेशनची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण स्फोटासारखे अवेळी पेटण्याची.

डिटोनेशनचा विषय निघाला की इंधन आलेच. माझ्या कोव्हजवळच्या (तलावाच्या लहान खाडीजवळच्या) डॉकवर ८९ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते, ९३ साठी गावातल्या पंपावरून कॅन भरून आणावे लागतात. (भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या मापाचा असतो, तुमच्याकडचे ९१ म्हणजे इकडचे साधारण ८७.) सुपरचार्जर लावलेले इंजिन ८९ वर चालवायचे तर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यावे लागते आणि मिश्रण अधिक गडद, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवावे लागते, मग ६०० मधले किती शिल्लक राहतात, हे प्रत्येकाने आपापल्या डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) पाहावे. पूर्ण थ्रॉटलला नॅचरली ॲस्पिरेटेड ५२५ अश्वशक्तीला तासाला सुमारे ४३ गॅलन लागतील, तर गडद मिश्रणावरच्या ६०० ला ५५ ते ५७. म्हणजे ताकद चौदा टक्क्यांनी वाढते आणि इंधन तीस टक्क्यांनी.

इथपर्यंतचे सगळे एका बाजूचे झाले. सुपरचार्जरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र ताकदीचा नाही, कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) आहे, आणि या मुद्द्यावर मी सर्वाधिक काळ अडकलो होतो.

बोटीचा एक्झॉस्ट ओला असतो. इंजिन गार करून आलेले पाणी रायझरमध्ये (एक्झॉस्टच्या वर चढणाऱ्या नळीत) एक्झॉस्ट वायूंत मिसळते आणि दोन्ही मिळून ट्रान्समबाहेर (बोटीच्या मागच्या भिंतीबाहेर) पडतात. नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनातून जास्त ताकद काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठा कॅम. पण कॅम मोठा झाला की इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ वाढतो. ५,००० आरपीएमला हा ओव्हरलॅप उपकारक असतो, ७०० ला तो घातक ठरतो, कारण मंद गतीत इनटेकमधला व्हॅक्यूम एक्झॉस्टमधला वायू उलटा ओढतो आणि त्याबरोबर पाण्याचे तुषारही सिलिंडरपर्यंत येतात. आमच्या कोव्हमधून मुख्य पाण्यात पोहोचेपर्यंत लाट न उठवता, आयडलवरच जावे लागते, म्हणजे नुकसान होण्याची परिस्थिती दर फेरीत दोनदा ठरलेली. असे झालेले इंजिन उघडले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवरून हाताचे बोट फिरवताच विटकरी रंगाची भुकटी हाताला लागते आणि सीटवर बारीक खड्डे दिसतात. माझ्या हेडवर मूळच्या सौम्य कॅममुळे व्हॉल्व्ह कोरडे, फिकट तपकिरी निघाले. सुपरचार्जर लावणाऱ्याला हा सौम्य कॅम तसाच ठेवता येतो, कारण हवा भरण्याचे काम ब्लोअर करतो. मोठा कॅम घेणाऱ्याला मात्र पाणी अगदी शेवटच्या टप्प्यावर मिसळणारे महागडे हेडर्स (एक्झॉस्टच्या खास नळ्या) घ्यावे लागतात, नाहीतर गंज पदरी घ्यावा लागतो.

यातून निघालेली वाट म्हणजे ताकद कॅमने न वाढवता घनइंचांनी वाढवायची. तोच कॅम ५०२ मध्ये जितका उग्र वागतो, तितका ५४० मध्ये वागत नाही. मोठ्या सिलिंडरांना तो सौम्यच वाटतो. त्यामुळे ०.०५० इंच लिफ्टला २३५ अंशांच्या आतच राहणारा, ११४ अंश लोब-सेपरेशनचा हायड्रॉलिक रोलर कॅम, ॲल्युमिनियमची हेड्स आणि ९.२ कंप्रेशन या जोडणीतून क्रँकवर ५८० ते ५९० अश्वशक्ती अपेक्षित आहेत. ड्राइव्हमधली घट वजा केली, तर प्रॉपेलरवर ५२५ च्या जवळपास हिशेब येतो. डायनोवरचा क्रँकचा आकडा आणि कंपनीचा प्रॉपेलर-शाफ्टचा आकडा शेजारी ठेवून खूश होणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

राहिला ड्राइव्हचा प्रश्न. ब्राव्होचे वरचे गिअर मोडतात ते बहुधा सरळ धावताना नव्हे, तर बोट लाटेवरून उडून पुन्हा पाण्यात उतरते आणि उघड्या थ्रॉटलवर मोकळा फिरणारा प्रॉपेलर एकदम पाणी पकडतो, त्या क्षणी. ट्विन-स्क्रू मधल्या आरपीएमलाच भरघोस टॉर्क देतो, आणि प्लेनवर येताना हवासा वाटणारा तोच टॉर्क अशा क्षणी गिअरच्या दातांवर येतो. सुपरचार्जर घेणाऱ्याने मजबूत ड्राइव्हचाही खर्च त्याच दिवशी मांडावा. तो मांडल्यावर ‘फक्त वरून बसवायचे किट’ ही कल्पना टिकत नाही.

ब्लोअर बोटींवर पुष्कळ जुना आहे, हेही सांगितले पाहिजे. गार वुडच्या मिस अमेरिका एक्सने १९३२ मध्ये चार सुपरचार्ज्ड पॅकार्ड व्ही-१२ इंजिनांवर ताशी १२४ मैलांच्या वर मजल मारली, आणि १९५० मध्ये सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर स्लो-मो-शन फोरने विमानाच्या ॲलिसन इंजिनावर १६० ओलांडले. पण ती इंजिने विक्रमासाठी धावत आणि मागे मेकॅनिकांचा ताफा असे. आजही काही ठिकाणी मी सुपरचार्जरच निवडला असता. लेक टाहो सव्वासहा हजार फुटांवर आहे, तेथे विरळ हवेमुळे साध्या इंजिनाची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते. ओझार्क्सवर ही घट दोन टक्क्यांच्या आसपास राहते. बोट ३२-३४ फुटी आणि जड असती, तरीही प्लेनवर चढण्यासाठी मधल्या टॉर्कचा विचार वेगळा करावा लागला असता.

निर्णय झाल्यावर मशीन-शॉपला पहिला आकडा दिला तो पिस्टनच्या वरच्या रिंगच्या टोकांमधल्या फटीचा. बूस्टमध्ये रिंग अधिक तापते आणि फुगते, म्हणून या बोअरला सुमारे ०.०२९ इंच फट ठेवावी लागली असती; आता ०.०२० पुरते. बोअरमध्ये रिंग तिरकी न होता सरळ बसवून, फीलर गेजचे पान घालून, कमी असेल तर रिंग-फायलरवर दोन-तीन फेरे देऊन पुन्हा मोजायचे, असे एकेक करत आठही बोअर त्या मापावर आणले आहेत. रिंगा बोअरच्या क्रमांकानुसार पाकिटांत घालून ठेवल्या आहेत, कारण त्या अदलाबदल करून चालत नाहीत. वाढलेल्या स्ट्रोकमुळे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला घासण्याइतके जवळ येत होते, तेथे दोन ठिकाणी खाच घासून मोकळीक दिली. ५,२०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.७ मीटर येतो, जो फोर्ज्ड रॉड-पिस्टनला पचण्यासारखा आहे.

क्रँक, रॉड आणि पिस्टन बॅलन्सिंगला गेले आहेत. कॅमचे कार्ड (मापांचा तक्ता) आले की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर मातीचा गोळा ठेवून मोजायचे आहे, आणि त्याआधी हेड्स पक्की करायची नाहीत. प्रॉपेलर २४ इंची पिचचा घ्यावा असे हिशेब सांगतो : ५,२०० आरपीएम, १.५ गिअर आणि अकरा टक्के स्लिप (प्रॉपेलरची पाण्यातली घसरण) धरून ताशी ७० मैल. माझ्याकडचा २३ इंची चार पात्यांचा पुन्हा वळवून २४ चा करावा की नवा घ्यावा, याबद्दल ब्राव्होवर चार पाती चालवणाऱ्यांनी आपले स्लिपचे आकडे कळवावेत. मुख्यतः पाऊण टाकीवरचे आकडे हवे आहेत.