गट क्रमांकाच्या पत्त्यावर प्लाझ्मा मशीन

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजच्या तिन्ही बाजूंनी पऱ्हाटी उभी असते. इथल्या पोरांनी चिप कशी कोरतात ते स्वतःच्या हातानं करून पाहावं, म्हणून आम्ही अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून टेबलावर मावणारं प्लाझ्मा मशीन, म्हणजे विद्युतभारित वायूनं बारीक रेघा कोरणारं यंत्र, मागवलं. आठवड्यानं उत्तर आलं: अंतिम वापराचं हमीपत्र द्या, म्हणजे मशीन कुठं आणि कशासाठी वापरणार ते सही करून लिहून द्या, त्याशिवाय माल निघणार नाही.

चीनला प्रगत चिप बनवता येऊ नये म्हणून अमेरिकेनं ७ ऑक्टोबर २०२२ रोजी चिप बनवणाऱ्या प्रगत यंत्रांवर कडक निर्बंध आणले. २०२३ मध्ये जपाननं २३ प्रकारच्या उपकरणांना परवाना लावला, नेदरलँड्सही मागोमाग आलं. रोख भारतावर नाही. शस्त्रं आणि लष्करी कामालाही येऊ शकणारं तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाचे, म्हणजे वासेनार व्यवस्थेचे, आपण डिसेंबर २०१७ पासून सदस्य आहोत. पण माल इथून पुढं दुसरीकडं तर जाणार नाही ना, हे विक्रेत्याला तपासावंच लागतं.

हमीपत्राच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, १६ किंवा १४ नॅनोमीटर आणि त्याहून बारीक चिपसाठी वापर होणार का? आमची पोरं १० मायक्रॉनची रेघ कोरणार, म्हणजे १०,००० नॅनोमीटर. तसं लिहिलं, प्रात्यक्षिकांची यादी जोडली. ते लगेच पटलं.

गाडी अडली पत्त्यावर. ऑर्डर देताना ऑफिसातले भाऊ म्हणाले होते, "सर, ट्रकवाल्याले आपलं गाव सापडत नाही, नागपूरच्या एजंटचाच पत्ता टाका न." मी टाकला. अंतिम ठिकाण म्हणून माल पोचवणाऱ्या एजंटचा पत्ता असणं ही अमेरिकी नियमांत सरळ धोक्याची खूण मानली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. खरा पत्ता कळवला, तर तो नुसता गट क्रमांक. नकाशावर पाहिलं तर कापसाचं शेत. त्यांना संशय आला, यात त्यांची चूक नाही.

मग सातबारा, ग्रामपंचायतीचा दाखला, विद्यापीठाचं संलग्नता पत्र, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं, अक्षांश-रेखांश आणि प्रयोगशाळेचे फोटो पाठवले. दोन वेळा व्हिडिओ कॉलवर त्यांना खोली दाखवली. मशीन नियंत्रित यादीतल्या प्रगत यंत्रांत बसत नव्हतं, त्यामुळे परवाना लागला नाही. तरी अडीच महिने गेले. पुढच्या वेळी मी गट क्रमांकाचे कागद ऑर्डरसोबतच पाठवणार.

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजनं मशीन पंधरा दिवसांसाठी मागितलं. हमीपत्रावर सही माझी आहे. आधी विक्रेत्याला लिहिलं. तोवर त्यांच्या पोरांनाच आमच्याकडं बोलावलंय.