फळा आला आणि बिनसलं

बुधवार, रात्र

आज दिवसभर डोक्यात अमेरिकेतल्या येल कॉलेजचं १८३० साल घोळतंय. त्या वर्षी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी शंकुच्छेदाच्या, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांच्या, तासाला फळ्यावर आकृती काढायला साफ नकार दिला. चाळीसहून अधिक मुलांना एकदम काढून टाकलं, म्हणजे जवळजवळ निम्मा वर्ग. वर दुसऱ्या कॉलेजांनाही कळवलं, की यांना घेऊ नका. आळशी पोरांचा हट्ट म्हणून हा किस्सा हसण्यावारी नेतात. मला ते पटत नाही.

तिथला तास कसा चालायचा ते आधी बघायला हवं. त्याला रेसिटेशन म्हणत. समोर ट्यूटर, बहुतेकदा नुकताच पदवी घेतलेला तरुण. तो शिकवत नसे. नाव पुकारायचा, मुलगा उभा राहून नेमलेला धडा म्हणून दाखवायचा आणि ट्यूटर वहीत गुण टिपायचा. गुण शून्य ते चार. शतकाच्या पूर्वार्धात यातला पहिला तास पहाटेच्या प्रार्थनेला लागूनच असे, न्याहारीच्याही आधी. हिवाळ्यात म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात, रिकाम्या पोटी.

या धाटणीतून मुलांची स्वतःची बोली तयार झाली. धडा घडाघडा म्हटला तर ‘रश’, मधेच अडखळून कसाबसा संपवला तर ‘फिझल’, तोंडच उघडलं नाही तर ‘फ्लंक’. लॅटिन-ग्रीकच्या आयत्या भाषांतराला ‘पोनी’. म्हणजे चालायचं नाही, तट्टावर बसून जायचं!

तर भूमितीतही घोकंपट्टी चालून जायची, कारण आकृती पुस्तकात छापलेली असे. तिच्याकडे बघत ‘अ-ब ही कड एवढी’ असं म्हणत गेलं की झालं. फळ्याने नेमकी हीच सोय काढून घेतली. लंबवर्तुळाच्या स्पर्शरेषेचाच सिद्धांत घ्या: स्पर्शबिंदूपासून दोन नाभींकडे, म्हणजे लंबवर्तुळाच्या आतल्या दोन ठरावीक बिंदूंकडे, जाणाऱ्या रेषा स्पर्शरेषेशी सारखेच कोन करतात. फळ्यावर हे काढायचं तर आधी अक्ष, मग केंद्र, केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नाभी, मग वक्र आणि सगळ्यात शेवटी स्पर्शरेषा. घाईत आधी वक्र काढला की नाभी अंदाजाने पडतात, कोन लहानमोठे दिसतात आणि पाठ केलेलं वाक्य समोरच्या चित्राशी जुळेनासं होतं. एखादं अक्षर चुकीच्या बिंदूला गेलं तर तिथेच फ्लंक.

चांगली परीक्षा तीच, यात वाद नाही. पण मुलांनी तयारी केली होती ती जुन्या परीक्षेची, आणि नियम मधेच बदलला. कॉलेजचे अध्यक्ष जेरेमाया डे स्वतः बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक. गणिताने बुद्धीला शिस्त लागते, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांच्याकडून सवलत कुठली मिळायला!

मुलांचं खरं वाचन मात्र तासाबाहेर चाले. लिनोनिया (१७५३) आणि ब्रदर्स इन युनिटी (१७६८) या त्यांच्या दोन मंडळांत वादविवाद होत, आणि शतकाच्या मध्यापर्यंत दोन्हींच्या ग्रंथालयांत प्रत्येकी दहा हजारांवर पुस्तकं जमली होती. तिथे पाठ म्हणून दाखवायला कुणी उभं करत नसे.

भूमितीवरचा राग निघायचा तो युक्लिडच्या, म्हणजे ज्याच्या नावाने भूमितीचं पुस्तक चाले त्या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या, अंत्ययात्रेत. पुस्तक संपलं की दुसऱ्या वर्षाची मुलं स्टोव्हमध्ये लोखंडी सळई लाल करून ती पुस्तकातून आरपार घालत. त्या भोकातून प्रत्येकाने बघायचं, म्हणजे युक्लिड आरपार पाहिला. मग त्यावरून चालत जायचं, म्हणजे तो पायाखालून गेला. शेवटी पुस्तक डोक्यावर धरून त्याखाली उभं राहायचं: ‘अंडर’ अधिक ‘स्टूड’, झाला अंडरस्टूड. रात्री मशाली घेऊन मिरवणूक, खोटा शोक, रचलेल्या कविता आणि मग युक्लिडला अग्नी.