लेकराचा भाकरीचा काला

मे महिन्याच्या सुट्टीत सोलापुरात घरोघरी नातवंडं येतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या दीड वर्षाच्या लेकराची आई दारातच सांगते, "हा भाकरी खात नाही, तोंडातून बाहेर काढतो." लेकराची त्यात काही चूक नसते. थंड झालेली, वरून कोरडी, हाताने तोडलेली भाकरी त्याच्या तोंडात टाकली तर ते बाहेर काढणारच. भाकरी त्याच्या वयाची करून द्यावी लागते. ज्या घरात दोन वेळा भाकरी होते, तिथल्या आजीने हे नीट शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण सुट्टीच्या एका महिन्यात लागलेली चव लेकराच्या जिभेवर राहते.

सुरुवात ज्वारीपासूनच. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तम. या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिची भाकरी मऊ राहते, गोड लागते. दुसरी शाळूही चालते, पण दाणा पांढरा, टपोरा आणि त्या हंगामातला हवा. वर्षाची ज्वारी घरात भरून ठेवायची आपली पद्धत, म्हणून इथेच एक गोष्ट ठासून सांगते. धान्याला कीड लागू नये म्हणून पिंपात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो आणि लहान लेकराला तो फार लवकर बाधतो. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. ज्वारी कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या पिंपात भरा. गरम धान्य भरलं की आत वाफ धरते आणि जाळी लागते.

दळण थोडं थोडं आणा, आठ-दहा दिवस पुरेल इतकंच. ज्वारीच्या पिठात दाण्याच्या अंकुरातलं तेल उतरतं आणि उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं. मोठी माणसं ठेच्याबरोबर ती चव खपवून घेतात, लेकरू मात्र लगेच तोंड फिरवतं. पिठाची विरी, म्हणजे एकमेकाला धरून राहायची ताकद, गेली की भाकरी थापताना कडेला चिरते, हीही जुन्या पिठाची खूण. लेकरासाठी पीठ बारीक दळायला सांगा आणि मैद्याच्या चाळणीने नाही, साध्या पिठाच्या चाळणीने चाळा. अति बारीक चाळलं तर कोंडा पार निघून जातो आणि मग पोट साफ होत नाही.

आता पीठ मळण्याकडे येऊ. गव्हाच्या पिठासारखा चिवटपणा ज्वारीत नसतो. म्हणून उकळतं पाणी घालतात, त्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ एकमेकाला धरून राहतं. एका भाकरीला एक वाटी पीठ घ्या. परातीत पिठात आळं करून पाऊण वाटीला थोडं कमी उकळतं पाणी घाला, उलथन्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मग गार पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने चार मिनिटं रगडून मळा. कंटाळा नेमका इथेच येतो आणि भाकरी इथेच बिघडते. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. चार भाकरींचं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकरीपर्यंत ते सुकतं. लेकराची भाकरी थोडी जाड थापा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. पाणी सुकून गेलं तर पृष्ठभागाला भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. तिचं फुगणं लेकरासाठी गरजेचं आहे, कारण त्याला लागणारा मऊ भाग फुगलेल्या भाकरीच्या आतच असतो.

फुगलेली भाकरी लेकरापासून लांब फोडा, आतली वाफ चांगलीच भाजते. वरचा पापुद्रा उचलला की खाली पांढरा, ओलसर, जाळीदार गर दिसतो. तो चमच्याने खरवडून घ्यायचा. चतकोर भाकरीतून दोन-तीन मोठे चमचे गर निघतो आणि काल्याला तेवढा पुरतो. उरलेलं कडक कवच मोठ्यांनी वरणात बुडवून खावं. पापुद्र्याला तूप लावून तो लेकराच्या हातात द्यायचा मोह होतो, पण आपल्या कोरड्या हवेत तो पाच मिनिटांत कडक होतो आणि त्याची कड टाळूला टोचते. म्हणून लेकराला पापुद्रा भिजवूनच द्या.

काला भाकरी गरम असतानाच करायचा. भाकरी गार झाली की पुन्हा घट्ट होते, मग कितीही कुस्करा, बारीक गोळ्या राहतातच आणि लेकराच्या घशात त्याच अडकतात. गर वाटीत घ्या, त्यावर अर्धी वाटी कोमट पातळ वरण किंवा दूध ओता, एक लहान चमचा साजूक तूप घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. नंतर चमच्याच्या पाठीने दाबून बघा. चमचा तिरपा केल्यावर काला हळूच घसरला पाहिजे. घट्ट गोळा होऊन पडला तर टाळूला चिकटेल, पाण्यासारखा ओघळला तर पोट भरणार नाही आणि लेकरू तासाभरात परत रडेल. किती गरम आहे ते मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा.

दुधातला काला आजी लोकांचा आवडता, आणि गूळ घालून दिला की लेकरू पटापट खातं. पण माझा कौल वरणाच्या काल्यालाच. दुधात लोह फार कमी असतं आणि दुधामुळे भाकरीतलं लोहही अंगी कमी लागतं. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध दिलं तर पोट दुधानेच भरतं, मग जेवण कमी होतं आणि रक्त कमी पडतं. वरणाच्या काल्यावर लिंबाचे चार थेंब पिळले तर लोह जास्त शोषलं जातं. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ काही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात चाटवू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध आणि फक्त आईचंच दूध, सोलापूरच्या उन्हाळ्यातही वरून पाणी नको. सहा महिने पूर्ण झाले की ज्वारीच्या मऊ, घट्टसर पेजेपासून सुरुवात करा. दोन-तीन चमच्यांवरून हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. इथे वाटी म्हणजे पाव लिटरची, आमटीची छोटी वाटी नाही. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चारदा, आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, मधे एखाददुसरं खाणं. सोबत आईचं दूध चालूच. काल्याची वेळ साधारण नवव्या महिन्यापासून येते.

उन्हाळ्यात आंबील फार कामाची. कन्नड घरांत अंबली म्हणतात तीच. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात आणि दोन चमचे ताज्या ताकात कालवून ठेवा. थंडीत रात्रभर लागतं, मे महिन्यात पाच-सहा तास पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर इतकं आंबट होतं की लेकरू एक चमचाही घेत नाही. मग दोन वाट्या उकळत्या पाण्यात हे मिश्रण ओतत सतत ढवळा. ढवळणं थांबलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मंद आचेवर दहा मिनिटं शिजू द्या. गार झाल्यावर ताजं ताक मिसळून द्या. केलेली आंबील त्याच दिवशी संपवा.

आता शेंगाची चटणी. सोलापूरचं घर आणि ताटात शेंगाची चटणी नाही असं होत नाही, आणि लेकरू मोठ्यांच्या ताटाकडे हात नेणारच. म्हणून उखळात दाणे कुटताना तिखट, मीठ, लसूण घालायच्या आधीच लेकरासाठी दोन चमचे कूट बाजूला काढा. ते आणखी बारीक करून चाळा आणि चिमूटभर काल्यात मिसळा. बाळाला सहा महिने झाल्यावर, वरचं खाणं नीट सुरू झालं की असं बारीक कूट थोडं थोडं द्यायला हरकत नाही. फार उशिरा सुरू करण्याचा काही फायदा नाही. पहिल्यांदा अगदी चिमूटभर द्या, तेही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली तर लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास होत असेल तर थेट दवाखाना गाठा. ज्या लेकराला अंगावर फार चट्टे उठतात किंवा अंड्याची अॅलर्जी आहे, त्याच्या बाबतीत सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे मोठ्यांनीही खाऊ नयेत. बुरशी लागलेल्या दाण्यांतलं विष भाजून जात नाही. कुटाचा तेल सुटलेला घट्ट गोळाही देऊ नका, तो घशाला चिकटतो. दह्यात पातळ करून द्या.

अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही म्हणजे नाही. अर्धाही नाही. समोरच्या दातांनी लेकरू दाणा फोडतं, पण दळायला लागणाऱ्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात. हसताना, रडताना, पळताना फुटलेला तुकडा श्वासनळीत जातो, तिथे ओल धरून फुगतो आणि त्यातल्या तेलाने आतला भाग सुजतो. मग भूल देऊन दुर्बिणीने तो काढावा लागतो. कधी कधी सुरुवातीचा ठसका थांबतो, सगळ्यांना वाटतं गिळला, आणि दोन दिवसांनी एकाच बाजूच्या छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. असा ठसका लागून गेला असेल तर डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. भाजलेले फुटाणे, हुरड्याचे अख्खे दाणे, कडक भाकरीचे तुकडे यांनाही हाच नियम.

घास अडकलाच आणि लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटत बसू नका. आवाज निघत नसेल, चेहरा निळसर होत असेल तर वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली ठेवून जबड्याला आधार द्या आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबा. वर्षावरच्या लेकराला पुढे वाकवून तशाच पाच थापा, मग मागून मिठीत घेऊन बेंबी आणि बरगड्यांच्या मधे मुठीने आत-वर पाच झटके. तुकडा निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या माणसाला १०८ ला फोन करायला लावा. लेकरू बेशुद्ध पडलं तर फोनवरचा माणूस सांगेल तशी छाती दाबायला लागा. तुकडा दिसत नसताना घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो.

भरवताना लेकरू ताठ बसलेलं हवं, आडवं किंवा खेळत नको. एक घास चिऊचा, एक घास काऊचा हे खुशाल चालू द्या, मोबाईल दाखवण्यापेक्षा ते लाख पटीने बरं. पण लेकराने तोंड फिरवलं की चिऊ-काऊचं जेवण संपलं. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे ताट धरून बसू नका. जबरदस्तीने कोंबलेला घास उलटीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी लेकरू ताट बघूनच रडतं. भाकरी सुरू केल्यावर शी घट्ट झाली तर भाकरी बंद करायची गरज नाही. काल्यात शिजवलेला दुधी किंवा पालक घाला, तूप अर्धा चमचा वाढवा आणि मधे मधे पाणी पाजा.

दोन वर्षांचं झालं की धपाटे द्यायला लागा. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, पाव वाटी कणीक, बारीक चिरलेली मेथी, ओवा आणि दही. तिखट नको. मऊ भाजून बोटाएवढ्या पट्ट्या कापा आणि दह्यासोबत द्या, लेकरू आपल्या हाताने खातं.

याच वयात त्याला भाकरी थापायचीही हौस येते. लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या, आणि चुलीपासून तीन-चार हात लांब, जमिनीवर पाटावर कोरडं पीठ पसरून बसवा. तो तळहाताने थापेल, वाकडी करेल, मधेच उचलून पुन्हा गोळा करेल. करू द्या. त्याची भाकरी कडेला चिरणारच, ती उलथन्याने अलगद उचलून तुमच्याच तव्यावर, तुमच्या भाकरीनंतर भाजा. आच मंद ठेवा, जाड असल्यामुळे ती आतून कच्ची राहते. भाजून झाली की तूप लावून, भिजवून, त्याच्याच ताटात वाढा.