फॅटालिस पडेपर्यंत

२०२१च्या जूनमध्ये आम्ही चौघं फॅटालिस नावाच्या ड्रॅगनच्या मागे लागलो. तो पडला तेव्हा जुलै संपत आला होता. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी मात्र मला सगळं नीट सांगायचंय, कारण त्या सहा आठवड्यांत मी जे शिकले ते मला फार मोलाचं वाटतं.

चौघं म्हणजे मी साताऱ्यात, दादा आणि वहिनी जर्मनीत, आणि मावसभाऊ कोल्हापुरात. कोविडमुळे दादाला दीड वर्ष घरी येता आलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पहिली पाच मिनिटं तब्येतीची, पुढची पाच पावसाची, आणि मग "बोल की", "नाही, तू बोल". एकदा दादाच म्हणाला, "नुसतं बोलण्यापेक्षा काहीतरी बरोबर करूया." तो हा गेम आधीपासून खेळत होता. त्याने वहिनीला शिकवलं, वहिनीने मला, आणि मी मावसभावाला ओढलं. आमचे रात्रीचे अकरा म्हणजे त्यांचे संध्याकाळचे साडेसात. दोन्हीकडची जेवणं उरकलेली असायची, म्हणून तीच वेळ ठरली.

कॅपकॉम या जपानी कंपनीने पहिला मॉन्स्टर हंटर २००४मध्ये काढला. आम्ही खेळतो तो वर्ल्ड २०१८चा, आणि आइसबोर्न हा त्याला जोडून आलेला मोठा भाग. गेमचं सूत्र सोपं आहे. एक प्रचंड प्राणी, त्याच्यासमोर जास्तीत जास्त चार शिकारी. प्राणी मारायचा, त्याची कातडी, नखं, शिंगं घ्यायची, त्यातून चिलखत आणि शस्त्र घडवायचं आणि त्याहून मोठ्या प्राण्याकडे जायचं. तुमच्या पात्राची ताकद आपोआप वाढत नाही. अंगावरचं चिलखत आणि हातातलं शस्त्र सुधारत जातं, बाकी सगळं तुमच्या डोळ्यांवर आणि बोटांवर. शस्त्रांचे चौदा प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार हातात घेतला की वेगळाच गेम खेळल्यासारखं वाटतं.

प्राण्याच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी दिसत नाही, ही या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तो लंगडायला लागला, तोंडातून लाळ गळायला लागली, की दमलाय किंवा मोडत आलाय हे आपण ओळखायचं. जनावराकडे बघूनच सगळं समजून घ्यायचं.

आणि नियम असा की आपण बेशुद्ध पडलो की दोन मांजरं आपल्याला हातगाडीवर घालून तळावर आणून टाकतात. त्यावरून सगळे याला 'कार्ट होणं' म्हणतात. तीन कार्ट झाले की शिकार संपली. हे तीन कार्ट प्रत्येकाचे वेगळे नसतात, चौघांत मिळून तीनच. एकच जण तीनदा पडला तरी चौघंही परत. हा नियम नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

फॅटालिस हा पहिल्या गेमपासूनचा काळा ड्रॅगन. जपानीत त्याचं नाव मिराबोरेआस. आइसबोर्नमध्ये तो ऑक्टोबर २०२०मध्ये, शेवटच्या मोठ्या अपडेटमध्ये आला. त्याची जागा म्हणजे श्राद नावाचा पडका किल्ला. एरवी शिकारीला पन्नास मिनिटं मिळतात, इथे तीस. बाकीचे प्राणी रानभर फिरतात, आपण धावून दम घेऊ शकतो, इथे सगळं एकाच पटांगणात. सापळे चालत नाहीत. आणि आग. समोरून येणारी, गोल फिरणारी, वरून कोसळणारी आग.

पहिल्या आठवड्यात आम्ही बारा वेळा गेलो आणि एकदाही अर्धी वेळ टिकलो नाही. चुका साध्याच होत्या, आता दिसतात. दादाची ग्रेट स्वोर्ड, म्हणजे माणसाएवढी तलवार, ती उचलून घाव भरेपर्यंत ड्रॅगन हललेला असायचा. मावसभावाकडे ड्युअल ब्लेड्स, म्हणजे दोन हातांत दोन तलवारी, तो पायांशी चिकटून भराभर वार करायचा, कारण पाय कायम समोर असतात. वहिनी हेवी बोगन ही मोठी बंदूक घेऊन लांबून गोळ्या मारायची. माझी स्वोर्ड अँड शील्ड, मी जिथे जागा मिळेल तिथे. म्हणजे चौघं चार ठिकाणी मारत होतो. घाव भरपूर पडत होते, पण एकही अवयव मोडत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मावसभाऊ तीनदा पडला. तिन्ही कार्ट त्याचे. तिसऱ्या वेळी पडद्यावर शिकार फसल्याची अक्षरं आली आणि तो नुसतं "सॉरी ताई" म्हणून गेला. दुसऱ्या रात्री आला नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. मी मेसेज केला, उत्तर नाही. त्याची नोकरी त्याच महिन्यात गेली होती, हे मला नंतर कळलं. दिवसभर घरात "काय झालं पुढे?" ऐकायचं आणि रात्री इथेही आपल्यामुळेच सगळे हरले असं वाटायचं, हे त्याने दादाला सांगितलं. दादाने त्याला काय समजावलं मला माहीत नाही. चौथ्या रात्री अकराला चार नावं पुन्हा ऑनलाइन दिसली तेव्हा वहिनी फक्त एवढंच म्हणाली, "चल, आज कुणीच मारायचं नाही."

तिची कल्पना अशी होती की अख्खी शिकार शस्त्र न काढता घालवायची. फक्त बघायचं. एक वार करायचा नाही. तीस मिनिटं जगता आलं तर जगायचं, पडलो तर पडलो.

तशा आम्ही त्या रात्री तीन फेऱ्या केल्या. माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी रात्र. शस्त्र हातात असताना माणूस पुढचा वार कुठे बसेल तेवढंच बघतो. हात रिकामे झाले तेव्हा मला त्या जनावराची मान पहिल्यांदा दिसली. आग ओकण्याआधी तो मान मागे घेतो, छाती फुगते, क्षणभर सगळं थांबतं. चार पायांवर असला की डोकं जमिनीजवळ येतं आणि दोन पायांवर उठला की ते आपल्या हाताबाहेर जातं. उभा असताना पोटाखाली घुटमळणाऱ्यावर तो धाडकन अंग टाकतो, मावसभाऊ प्रत्येक वेळी तिथेच सापडत होता. हे त्यालाच आधी दिसलं. "ताई, मी त्याच्या पोटाखाली राहतो ना, म्हणून!" त्याचा तो आवाज अजून कानात आहे.

मग आम्ही एकच गोष्ट ठरवली: डोकं. फॅटालिसचं डोकं दोनदा मोडलं की शेवटच्या टप्प्यातली त्याची आग बरीच कमजोर होते. नाही मोडलं तर त्या टप्प्यात एकाच फुत्काराला आयुष्याची पट्टी पूर्ण भरलेला शिकारीही खलास. दादाला हे वाचून माहीत होतं, पण माहीत असणं आणि चौघांनी त्यासाठी आपली जागा सोडणं यात फार अंतर आहे. मावसभावाने आवडत्या ड्युअल ब्लेड्स ठेवून लाँग स्वोर्ड घेतली, कारण तिचा वार उंच पोचतो. वहिनीने जवळून मारायच्या स्प्रेड गोळ्या घेतल्या आणि बंदुकीला ढाल लावली. दादाने पायांना हात लावणंच सोडलं. डोकं खाली येईपर्यंत तो थांबून राहायचा, आणि त्याच्यासारख्या उतावळ्या माणसासाठी ते किती कठीण होतं हे मी बहीण म्हणून सांगते.

मी मारणं जवळजवळ सोडून दिलं. या गेममध्ये वाइड रेंज नावाचं एक कौशल्य आहे, ते पाच पायऱ्यांपर्यंत नेलं की मी प्यायलेल्या औषधाचा पूर्ण गुण जवळच्या सगळ्यांना लागतो. त्याला स्पीड ईटिंगची जोड दिली की औषध घशाखाली भर्रकन उतरतं, आणि मशरूमान्सर असलं की जंगलातली निळी अळंबीसुद्धा औषधासारखी खाता येते. स्वोर्ड अँड शील्डच यासाठी का, तर हे एकच शस्त्र असं आहे की ते म्यान न करता वस्तू वापरता येतात. चिलखताचे तुकडे आणि मणी जुळवून हे सगळं एका अंगावर बसवायला मला चार दिवस लागले, जुने प्राणी पुन्हा पुन्हा मारावे लागले. आगीला प्रतिकार वीसच्या वर नेला की अंगाला आग धरत नाही, तेही प्रत्येकाने आपापल्या चिलखतात बसवलं.

आता माझं काम वेगळं झालं. ड्रॅगनपेक्षा मी पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या बाकी तिघांच्या आयुष्याच्या पट्ट्यांकडे बघायचे. गंमत अशी की पट्टी खाली आल्यावर प्यायलं तर उशीर झालेला असतो. ड्रॅगनची मान मागे गेली, दादा तलवार उचलून उभा आहे, म्हणजे दादाला चटका बसणार, तर आग सुटायच्या आधीच अळंबी तोंडात टाकायची. घोट उतरेपर्यंत आग त्याच्यापर्यंत पोचते आणि तो पडत नाही. हा अंदाज बसायला मला दोन आठवडे लागले. आणि अंतर! औषधाचा गुण ठराविक टप्प्यापर्यंतच पोचतो, म्हणून वहिनी आणि दादा यांच्या मधोमध राहायचं, कुणीही कुठेही पळालं तरी.

हेडफोनवरची आमची भाषाही बदलली. आधी चौघंही एकदम बोलायचो. नंतर तीन-चारच शब्द उरले. "डोकं!" म्हणजे खाली आलंय. "आडोसा!" म्हणजे तो आता सगळं पटांगण जाळणार, भिंतीमागे पळा. "घेतेय" हा माझा शब्द. आई शेजारच्या खोलीत झोपायची, ती एकदा सकाळी विचारत होती, "रात्रभर काय घेतेस गं?"

दर गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, ती कधी वेळेवर येते, कधी रात्री. जुलैच्या पावसात तर दोन वेळा ऐन शिकारीत राउटर बंद पडला. एकदा डोकं एकदा मोडून झालं होतं, वेळ शिल्लक होता, आणि माझा पडदा काळा. परत लागेपर्यंत तिघं हरले होते. कुणी मला काही बोललं नाही. मावसभावाने दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी करून राउटरसाठी लहानसा बॅटरी बॅकअप पाठवून दिला. नोकरी नसताना.

फॅटालिस पडला ती रात्र शनिवारची. त्याआधीच्या आठवड्यात आम्ही शेवटच्या टप्प्यापर्यंत तीनदा पोचलो होतो, म्हणून आशा होती. जेवण झालं, म्हणजे गेममधलं, तिथे शिकारीआधी मांजर-स्वयंपाकी ताट वाढतो आणि त्याने आयुष्य वाढतं. सुरुवातीला दादा आणि मावसभावाने तोफांत पाच-पाच गोळे भरले आणि ड्रॅगन एका जागी असेपर्यंत सगळे डागले. दहाव्या मिनिटाच्या आसपास डोकं पहिल्यांदा मोडलं. नंतर वहिनी पडली, एक कार्ट. गेममध्ये पडलं की जेवणाचा गुणही जातो, ती परत आली तेव्हा तिची पट्टी आखूड होती, म्हणून मी तिच्या जास्त जवळ राहिले आणि त्या नादात आगीत सापडून मीच पडले. दोन कार्ट. अठरा मिनिटं झाली होती.

आता चौघांपैकी कुणीही पडलं तरी संपलं. कुणी बोलत नव्हतं. हातगाडीवरून तळावर उतरले, परत पटांगणात धावत आले तेव्हा मावसभाऊ एकटा ड्रॅगनच्या तोंडासमोर उभा होता. डोकं खाली होतं. त्याने लाँग स्वोर्डने उडी घेऊन वरून खाली घाव घातला आणि दुसऱ्यांदा मोडल्याचा तो आवाज आला. चेहऱ्याचा एक भाग फुटून गेलेला. दादा ओरडला, "शाब्बास रे!" आणि वहिनी, "आडोसा! आडोसा आधी!"

शेवटच्या टप्प्यातली आग तरीही भयंकरच होती. पण आता एका फटक्यात कुणी मरत नव्हतं, आणि मधल्या एका श्वासाएवढ्या वेळात मला अळंबी खाता येत होती. मी मोजत होते, माझ्याकडे दहा होत्या, मग सात, मग तीन. दादाचा शेवटचा मोठा घाव बसला तेव्हा वेळ दोन मिनिटं आणि काही सेकंद उरला होता. तो लगेच पडला नाही. मान वर केली, एक पाऊल टाकलं आणि मग सगळं धूड कोसळलं.

पुढचं एक मिनिट कातडी काढायला मिळतं. चौघं त्या अंगावर गुडघे टेकून बसलो होतो आणि हेडफोनमध्ये कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. मला वाटतं दादाचा. त्याने मायक्रोफोन बंद केला, थोड्या वेळाने परत चालू केला आणि विचारलं, "आई जागी आहे का गं?" मी दार ढकलून बघितलं. जागी होती, माझ्या ओरडण्याने. मी हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. ती जर्मनीतल्या पावसाबद्दल विचारू लागली.

फॅटालिसच्या डोळ्याला गेममध्ये फार किंमत, त्याचं नाव ईव्हिल आय, सगळ्यात चांगली शस्त्रं त्यातूनच घडतात आणि तो क्वचितच मिळतो. माझ्या पिशवीत तो आला होता. बाकी तिघांना नाही. घड्याळात पावणेदोन झाले होते. मावसभाऊ म्हणाला, "ताई, सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. उद्या रात्री एकदाच जाऊ."

"एकदाच कशाला," वहिनी म्हणाली, "मला अजून डोळा मिळायचाय."